मांगर बांधायला शिकलो : बांबू, पेंढा आणि सतरा नावांचा सातबारा

मांगराचे फोटो स्टेटसला टाकल्यापासून बऱ्याच जणांचे फोन आले आणि जवळपास सगळ्यांचे प्रश्न दोनच, खर्च किती आला आणि परमिशन लागते का. फोनवर अर्धवट उत्तरं देऊन कंटाळलो म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून काढतोय. लांबलंय, पण ज्यांना खरंच करायचंय ते वाचतील.

आधी थोडं मागचं. आमची कुडाळ तालुक्यात काजूची बाग आहे, बागेत आजोबांच्या वेळचा मांगर होता. मांगर म्हणजे औजारं, काजू बी, खत ठेवायला आणि दुपारचं टेकायला शेतात बांधलेली खोली, कोकणातल्यांना सांगायला नको. मूळचा पेंढ्याने शाकारलेला, नंतर वडिलांनी त्यावर पत्रे घातले. मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा त्यातले अर्धे पत्रे उडाले आणि पुढच्या दोन पावसात भिंती बसल्या. परत पत्राच घालायचा तर सोपं होतं, पण एप्रिल-मेमध्ये काजूच्या हंगामात पत्र्याखाली दुपारी बसून बघा. शिवाय मी पुण्यात नोकरी करतो, घरून काम चालतं, त्यामुळे महिन्यातले बरेच दिवस गावी काढता येतात. म्हटलं शिकूया.

शिकायचं कुठे हा पहिला घोळ. गावात शाकारणारे आता दोन-तीनच म्हातारे उरलेत आणि ते शिकवत नाहीत, काम करतात, तुम्ही बघायचं. दुसरीकडे शहरातल्या वर्कशॉपमध्ये सगळं इंग्रजीत, ड्रिल मशीन घेऊन. मी दोन्ही केलं आणि आता वाटतं दोन्ही लागतं. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याजवळ एक निवासी वर्कशॉप केलं, साडेनऊ हजार रुपये, जेवणासकट. त्याशिवाय चौकशी करायची असेल तर मेळघाटात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला सरकारी बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि आमच्या कुडाळातच कोनबॅक ही संस्था आहे जी माणगा जातीच्या बांबूवर बरीच वर्षं काम करतेय. जिथे जाल तिथे आधी विचारून घ्या की प्रत्यक्ष हातात बांबू किती वेळ असणार, कारण स्लाइड्स दाखवणारेही खूप आहेत.

वर्कशॉपमध्ये मला जे कळलं त्याचा सार एवढाच की बांबू उभा करणं हा कामाचा सगळ्यात छोटा भाग. योग्य वयाचा बांबू योग्य वेळी तोडणं, त्यावर प्रक्रिया, वाळवणं, आणि मग पाणी आणि माती त्याला लागणार नाही अशी रचना, यातच सगळं आहे. तिथल्या इंजिनिअर बाईंनी आम्हाला आयएस १५९१२ चं २०१८ चं पुस्तकही दाखवलं, बांबूच्या बांधकामाचं भारतीय मानक. मांगराला ते कोणी विचारत नाही, पण कोणाला राहतं घर किंवा होमस्टे करायचा असेल तर ते माहीत असणारा इंजिनिअर गाठा, नुसत्या यूट्यूबवर जाऊ नका.

आता कागदपत्रं. सातबारा महाभूमीच्या साइटवरून डिजिटल सहीचा काढला, पंधरा रुपये. त्यावर सतरा नावं. त्यातले चौघे वारलेले, दोन आत्या सासरी, एक चुलतभाऊ बडोद्याला. कोकणातल्या वाचकांना यात काही नवीन नाही. तलाठ्यांना भेटलो तर ते म्हणाले शेतीच्या वापराचा मांगर असेल तर एनए म्हणजे बिगरशेती वगैरे करायची गरज नाही, जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ मध्ये शेतकऱ्याला शेतीसाठी लागणारी इमारत बांधता येते, पण त्याला आकाराच्या आणि जागेच्या अटी आहेत, आणि उद्या तिथे पर्यटक ठेवलेत तर ते शेती नव्हे. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं, म्हणजे आधी कोणीतरी तसं केलेलं असणार. ग्रामपंचायतीत मात्र अर्ज द्यायचाच, कारण नंतर घरपट्टीला नोंद लागते आणि शेजाऱ्याने तक्रार केली तर हातात कागद हवा.

अर्जासोबत सातबारा, आठ अ म्हणजे खाते उतारा, हाताने काढलेला नकाशा आणि सहहिस्सेदारांची संमती. ही संमती म्हणजे खरं काम. याचा कोकणापुरता एकच उपाय, सह्या गणपतीत घ्या. २०२३ ला चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, सगळे मुंबईकर घरी, मी शंभर रुपयांचा स्टॅम्पपेपर तयार करूनच ठेवला होता आणि आरतीनंतर मोदकाच्या ताटाबरोबर फिरवला. दोघांनी सही करायच्या आधी वाटणीचा जुना विषय काढला, तो दीड तास चालला, मग आईने चहा आणला आणि सह्या झाल्या. बडोद्याच्या भावाची सही कुरियरने. वारलेल्यांच्या वारसांच्या नोंदी अजून झालेल्या नाहीत, ते वेगळं प्रकरण आहे आणि त्यावर कधी लिहायची ताकद आली तर लिहीन.

पंचायतीची सप्टेंबरची मासिक सभा गणपतीमुळे पुढे गेली, ऑक्टोबरच्या सभेत विषय आला, ना हरकत दाखल्याची प्रत नोव्हेंबरच्या मध्याला मिळाली. कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी घाईही केली नाही. नोटरी, झेरॉक्स, कुरियर, कुडाळच्या फेऱ्या धरून अडीच हजार गेले. सभेच्या आदल्या दिवशी ग्रामसेवकांना फोन करून आपला विषय अजेंड्यावर आहे का विचारा, नाहीतर सरळ पुढचा महिना.

या मधल्या काळात बांबू शोधत होतो. आमच्याकडे माणगा हा राजा. काटे नाहीत, सरळ वाढतो, जवळजवळ भरीव, वाशांना आणि रिपांना याच्यासारखा दुसरा नाही. खांबांना मात्र जाड लागतो, त्यासाठी काटेरी कळक घेतला, चार इंचाच्या वरचा. कळक बेटातून काढणं म्हणजे शिक्षा आहे, काट्यांची जाळी आधी छाटून वाट करावी लागते, त्यामुळे गडी त्याचे जास्त पैसे मागतात आणि बरोबरच मागतात.

माणगा कणकवलीकडच्या एका शेतकऱ्याकडून, ६० रुपयाला एक, साधारण १३० नग. कळक १२० रुपयाला एक, तीसेक. वाहतुकीला परवाना लागतो का हा प्रश्न मलाही पडला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर, म्हणजे खासगी जमिनीत वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला गेला. त्याआधी कायद्याच्या दृष्टीने बांबू हे झाड होतं, स्वतःच्या बेटातला तोडून न्यायचा तरी कटकट. तरीही पिकअपमध्ये त्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्याची झेरॉक्स आणि साध्या कागदावर सहीची पावती ठेवली. नाक्यावर विचारलं, कागद दाखवले, सोडलं. कागद नसते तर तिथे उभं राहून कायदा शिकवायची माझी हिंमत नव्हती.

तोडणी डिसेंबरात. आमच्या वाडीतले एक काका, सत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर शाकारणी केलेले, ते मार्गदर्शक म्हणून तयार झाले, आठशे रुपये रोज आणि दुपारी मासे हवेत या अटीवर. त्यांचं म्हणणं अमावस्येच्या अलीकडे तोडायचा. कार्तिकी अमावस्या १२ डिसेंबरला होती, त्याआधीचा आठवडा ठरवला. चंद्राचं राहू दे, पण हंगामाचं त्यांचं गणित वर्कशॉपमध्ये शिकवलेल्याशी तंतोतंत जुळलं. पावसाळ्यात नवे कोंब येत असतात, तेव्हा बेटात शिरलं की कोंब मोडतात. उन्हाळ्यात तोडलेल्याला भुंगा जास्त लागतो. काकांच्या भाषेत, "पावसात तोडलंस तर बेट रडता, उन्हाळ्यात तोडलंस तर तू रडतलंस."

वय ओळखणं हे बघूनच कळतं. नवा बांबू हिरवागार, चकचकीत, पेरांवर पांढरी भुकटी, गाठींना पापुद्रे चिकटलेले. तीन-चार वर्षांचा झाला की रंग मंदावतो, पापुद्रे गळून जातात, सालीवर पांढुरके-करडे डाग येतात आणि कोयत्याच्या मुठीने ठोकलं तर टणक आवाज येतो. एक-दोन वर्षांचा घेतला तर वाळल्यावर सुरकुततो, सहा-सात वर्षांचा फुटतो. काका प्रत्येकाला हात लावून "ह्यो, ह्यो नाय, ह्यो" करत पुढे जायचे आणि मी मागून चुन्याची खूण करत. तोडताना जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या लगेच वर तोडायचा. गाठीच्या वर नळीचा भाग ठेवला तर त्या वाटीत पावसाचं पाणी साचतं आणि बेट कुजायला लागतं. विकणारा शेतकरी हे बघतोच, पुढच्या वर्षी परत बांबू हवा असेल तर नीट तोडा.

१३ तारखेला देवदिवाळी आणि मग जत्रा सुरू. रात्रभर दशावतार बघून सकाळी कोणी कामाला येत नाही, हे कॅलेंडरमध्ये धरून चाला. मी पण रात्री नाटकालाच होतो, सांगणार कोणाला.

आता प्रक्रिया, ज्याबद्दल सगळ्यात जास्त वाद झाले. बांबूत पिष्ट असतं, ते खायला भुंगा येतो आणि काही महिन्यांत आतून पोखरून पिवळट पूड पाडतो. वर्कशॉपची पद्धत म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवणं. गावची पद्धत म्हणजे व्हाळात, वाहत्या पाण्यात, दगड ठेवून महिनाभर बुडवून ठेवणं, पिष्ट निघून जातं, फक्त बाहेर काढल्यावर वास असा येतो की कुत्रीपण लांब पळतात. मी खांब, तुळया आणि बहुतेक वासे बोरॅक्समध्ये टाकले आणि थोडे वासे काकांच्या समाधानासाठी व्हाळात.

टाकी म्हणजे जमिनीत चर खणला, वीस फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल, आत शेततळ्याचा जाड कागद अंथरला. बांबू भरल्यावर साधारण हजार लिटर पाणी मावतं. त्याला ३६ किलो बोरॅक्स आणि २४ किलो बोरिक ॲसिड, म्हणजे दीडास एक, सहा टक्क्यांच्या आसपास. हे गार पाण्यात पटकन विरघळत नाही, मोठ्या टोपात पाणी कढवून त्यात थोडं थोडं ढवळत विरघळवायचं आणि मग टाकीत ओतायचं. हातमोजे, चष्मा घाला. सामान साडेसात हजारांचं, कागद दोन हजारांचा. कळक पोकळ असतो, त्याच्या गाठींचे आतले पडदे लांब सळईने टोकापासून टोकापर्यंत फोडावे लागतात, नाहीतर पाणी आत जात नाही आणि बांबू तरंगत राहतो. माणगा भरीव, तिथे सळईचं काम नाही, तो तोडल्यावर लगेच, ओला असतानाच बुडवायचा आणि जास्त दिवस ठेवायचा. कळक दहाएक दिवस, माणगा तीन आठवड्यांच्या आसपास, असे घाणे काढत डिसेंबरची अखेर आणि जवळजवळ पूर्ण जानेवारी गेला. दुसऱ्या घाण्याला पाणी कमी होतं तेवढं नवीन द्रावण घालून भरून काढायचं.

उरलेलं पाणी विहिरीकडे, व्हाळाकडे किंवा झाडांच्या मुळाशी सोडू नका. बोरॉन थोडं लागतं झाडांना पण एवढं दिलंत तर झाड जळेल. मी ते दुसऱ्या एका बांबूवाल्याला दिलं, आनंदाने घेऊन गेला. आणि हे मीठ पाण्यात विरघळतं म्हणजे पावसातही धुऊन निघतं, त्यामुळे प्रक्रिया केलेला बांबूसुद्धा सरळ पावसात किंवा जमिनीत राहिला तर काही उपयोग नाही.

काका रोज येऊन टाकीकडे बघायचे. "ह्या पावडरीत किती पैशे घातलंस?" मी आकडा कमी करून सांगायचो.

फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा वाळवण्यात. सावलीत, जमिनीपासून वर, मध्ये हवा खेळेल असं आडवं रचून, आठवड्याला फिरवायचं. उन्हात टाकला की तडकतो. या काळात करण्यासारखं काही नसतं आणि हाच काळ सगळ्यात कठीण, कारण येणारा-जाणारा प्रत्येक माणूस विचारतो, अजून सुरू नाही केलं? पत्र्याचं असतं तर कधीच झालं असतं. आईसुद्धा. मी या दिवसात वणव्यासाठी सभोवतालचं गवत काढून मोकळी पट्टी केली, कारण काजूच्या बागांना फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात आणि आपण त्यांच्यामध्ये पेंढ्याचं छप्पर उभं करतोय.

मार्चमध्ये पाया. मांगर बारा बाय सोळा फूट, बाहेर तीन-तीन फूट वळचण. जांभ्या चिऱ्याचं जोतं, त्यावर प्रत्येक खांबाखाली दीड फूट उंच चिऱ्याचा चौथरा, त्यात मधोमध सळई उभी काँक्रीटमध्ये, त्या सळईवर कळक बसवायचा आणि खालच्या पेरात सिमेंटचं पातळ मिश्रण भरायचं. म्हणजे बांबू मातीला लागत नाही, वाळवी चढली तर दिसते, आणि वादळात छप्पर वर उचललं जाणार नाही. चिरे, सिमेंट, सळया मिळून चौदा हजार. तौक्ते बघितल्यामुळे आडवे-तिरके आधार सढळ हाताने दिले, चारही कोपऱ्यांत आणि कैच्यांमध्ये. काकांना ते जास्त वाटत होते पण त्यांनी आक्षेप घेतला नाही.

सुरुवातीच्या दिवशी काकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. पावसाचं, वाऱ्याचं, उंदरांचं, माकडांचं, वाटणीच्या भांडणांचं सुद्धा, सगळ्यांची नावं घेऊन झाली, आणि आम्ही प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणालो. कलम ४१ तेवढं राहिलं.

सांगाडा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत झाला. मी, काका आणि दोन गडी. बांबूला खिळा मारायचा नाही हे दोन्ही शाळांमध्ये सारखंच, खिळा मारला की उभी चीर जाते. खांब-तुळईच्या जोडांना मी थ्रेडेड रॉड वापरले, १० मिलिमीटरचे, आधी भोक पाडून, दोन्ही बाजूला मोठे वॉशर, आणि ज्या पेरातून बोल्ट जातो ते पेर सिमेंटने भरून. एक बांबू दुसऱ्यावर टेकतो तिथे माशाच्या तोंडासारखी खोबण काढायची, ती होल-सॉने पटकन होते पण काकांनी कोयता आणि पटाशीने माझ्यापेक्षा लवकर आणि नीट काढली. जोड नेहमी गाठीच्या जवळ घ्यायचा, पेराच्या मध्यावर घेतला तर तिथे बांबू चेपतो. वासे आणि रिपा मात्र सगळ्या सुंभाने, म्हणजे काथ्याच्या दोरीने बांधल्या. सुंभ आधी पाण्यात भिजवायचा, मऊ पडतो आणि आवळता येतो. काका सांगत होते की पूर्वी केवणीची साल काढून तिचे दोर वापरायचे. ती गाठ मला सहज जमत नव्हती, काकांनी एका पडलेल्या वाशावर मला संध्याकाळभर तेच करायला बसवलं आणि दुसऱ्या दिवसापासून रिपा माझ्याकडे आल्या. रॉड-नट साडेचार हजार, सुंभ साडेतीन हजार.

छपराचा उतार. यात तडजोड करू नका. पंचेचाळीस अंश किंवा जास्त. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पेंढा पाणी अडवत नाही, तो पाणी घसरवतो, आणि उतार कमी असला की पाणी घसरण्याऐवजी मुरतं. शहरातल्या रिसॉर्टची छपरं बघून कमी उताराचं सुंदर छप्पर मागणारे लोक असतात, ते छप्पर पहिल्या पावसाळ्यात कुजतं.

पेंढ्याचं काम ऑक्टोबरातच सुरू झालं होतं, हे क्रमाच्या बाहेर पण इथेच सांगतो. हल्ली भात हार्वेस्टरने काढतात, त्याचा पेंढा तुकडे-तुकडे आणि चुरगळलेला, गुरांना ठीक, शाकाराला शून्य. हाताने कापून झोडलेला लांब, सरळ पेंढा हवा. तो कोण देणार हे कापणीच्या आधीच विचारून, बयाणा देऊन ठेवावा लागतो. मी तीन घरांकडून मिळून सव्वीसशेच्या घरात पेंढ्या सांगून ठेवल्या आणि हातात बावीसशे आल्या, शेकडा साडेचारशे रुपयांनी. त्या कोरड्या ठेवायला शेजाऱ्यांचा पडवीचा माळा वापरला. डोंगरावरचं गवत पेंढ्यापेक्षा जास्त टिकतं, पण ते कापणारं माणूस मिळत नाही.

शाकारणी मेच्या पहिल्या आठवड्यात. खालून वर जायचं. वळचणीला पहिला थर जाड, मुळाकडचा भाग खाली, मग प्रत्येक थर खालच्यावर निम्म्याहून जास्त चढवत. प्रत्येक थरावर बांबूची कांब आडवी दाबायची आणि ती आतल्या रिपेला सुंभाने शिवायची. यासाठी दोन माणसं लागतात, एक वर, एक आत, आतला माणूस सुई परत वर ढकलतो, सुई म्हणजे टोक केलेली बांबूची कांबच. मी आतला. दिवसभर मान वर करून डोळ्यात कुसं, अंगभर खाज, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चष्मा घातल्याशिवाय आत उभं राहू नका. थराची एकूण जाडी आठ इंचांच्या आसपास झाली. आढ्यावर दोन्ही पाखं, म्हणजे छपराचे दोन उतार, भेटतात ती जागा सगळ्यात नाजूक, तिथे पेंढा दोन्हीकडे दुमडून घेतला, वर नारळाची विणलेली झापं घातली आणि कांबांनी चिमटवलं.

त्यावर मासेमारीचं जुनं जाळं. वेंगुर्ल्याहून किलोवर आणलं, अठराशे रुपये. वाऱ्याने पेंढा विस्कटत नाही आणि माकडांना उपटता येत नाही, पहिल्याच आठवड्यात टोळी आली, बसली, ओढून बघितलं, कंटाळली आणि शेजारच्यांच्या कौलांवर गेली. शेजारी माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हते.

भिंतींना बांबूच्या कामट्यांचा कुड, दोन्हीकडून माती-शेण-भुसा. आई आणि काकू यांनी तो भाग घेतला आणि मला जवळ येऊ दिलं नाही, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

खर्चाचं एकत्र सांगायचं तर बांबू साडेअकरा हजार, वाहतूक तीन, पेंढा दहाच्या आत, आणि सगळ्यात मोठा आकडा मजुरी, अठ्ठेचाळीस हजार. वर सांगितलेलं बाकी सगळं आणि वर्कशॉपची फी धरून एक लाख अठरा हजारांच्या आसपास. म्हणजे बांबू स्वस्त आहे, बांबूचं काम स्वस्त नाही. पत्र्याचा मांगर साधारण एवढ्यातच होतो आणि त्याला दरवर्षी शाकारावं लागत नाही. पैसे वाचवायला करणार असाल तर करू नका, हे मी फोनवर पण सांगतो. एप्रिलच्या दुपारी आत बसलं की कशासाठी केलं ते कळतं.

जून २०२४. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मी टॉर्च घेऊन आत झोपायला गेलो, झोप अर्थातच नाही. आवाज येत नाही ही पहिली गोष्ट. पत्र्याखाली पावसात बोललेलं ऐकू येत नाही, इथे बाहेर धो धो आणि आत नुसती सळसळ. उत्तरेकडच्या पाखाला आढ्याजवळ एका ठिकाणी ठिबकत होतं, उजाडल्यावर काकांनी वर चढून चार पेंढ्या खोचल्या, थांबलं. जुलैमध्ये आतल्या वाशांवर पांढरी बुरशी आली, फडक्याने पुसली. काका म्हणाले चूल पेटव. "आत चूल नाय तर शाकार किती दिस रवतलो?" धुराने कीड आणि ओल दोन्ही कमी होतं, जुन्या घरात चुलीवरचे वासे काळे कुळकुळीत होऊन पिढ्यान् पिढ्या टिकायचे ते उगाच नाही. मग आठवड्यातून दोनदा मी आत, पेंढ्यापासून लांब, मधोमध लोखंडी घमेल्यात काजूच्या फांद्यांची धुनी करतो, समोर बसून, बाजूला पाण्याची बादली ठेवून. पेटती सोडून कधीही उठायचं नाही.

दिवाळीनंतर तपासलं तर व्हाळात ठेवलेल्या वाशांपैकी काहींखाली पिवळी पूड दिसली, बोरॅक्सवाल्यांखाली नाही. काकांना दाखवलं. त्यांनी पूड बोटावर घेऊन बघितली आणि म्हणाले व्हाळात पाणी कमी होतं त्या वर्षी. असेलही. दोन वासे बदलले, सुंभ सोडून नवीन बांधायचा, तासाभराचं काम, हा बांधलेल्या जोडाचा फायदा.

घरपट्टीसाठी नमुना ८ ला नोंद करायला जानेवारी २०२५ मध्ये पंचायतीचे लोक येऊन माप घेऊन गेले. झोपडी किंवा मातीची इमारत या वर्गात बसवलं, त्यामुळे कर नाममात्र. विम्याचं मी दोन ठिकाणी विचारलं, गवताचं छप्पर म्हटल्यावर दोन्हीकडून परत फोन आला नाही.

आणि मग २०२५ चा मे. शाकारणी आम्ही महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात धरली होती, कारण मान्सून कोकणात एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्या वर्षी २० मे नंतर पाऊस लागला आणि २५ तारखेला मान्सून जाहीरच झाला, देवगडपर्यंत पोचला. अर्धं छप्पर उघडं, नवा पेंढा ताडपत्रीखाली, काका छत्री घेऊन उभे. दोन उघाडींच्या मध्ये, मिळेल त्या तासाला काम करून दक्षिणेकडचं पाखं कसंबसं पुरं केलं. उत्तरेकडचं जुन्याच थरावर पातळ चढवून सोडलं आणि त्यावर पावसाळाभर निळी ताडपत्री, दिसायला भयंकर पण गळलं नाही. त्यामुळे इथून पुढे आमची शाकारणी अक्षय्य तृतीयेला सुरू आणि १५ मेच्या आत संपलेली, आणि हे कोकणात करणाऱ्या प्रत्येकाने तसंच धरावं असं माझं मत. पेंढा तर दोन्ही वेळेला तयारच असतो, माणसंच मिळवायची असतात.

काकांनी पुढच्या वर्षासाठी रोज नऊशे सांगितलाय, मासे वेगळे.